'सुत्ताले' म्हणजे काय?

जुन्या लेखांत एखादा अनोळखी शब्द आढळला, म्हणजे आमचे विद्यार्थी बहुधा तर्क करून मोकळे होतात. परंतु तर्कास पुरावा हवा. तो कोठें शोधावा, हें दोन उदाहरणांवरून पाहूं.

सांप्रतच्या तुर्कस्तानांत पूर्वीं हित्ती लोकांचें बलाढ्य राज्य होतें. त्यांच्या मातीच्या पाट्यांवरील लिपि वाचतां येत होती. भाषा मात्र कळत नव्हती. इ. स. १९१५ मध्यें ह्रोझ्नी या चेक पंडितानें तिचा उलगडा केला. एका वाक्यांत भाकरीचें चिन्ह होतें. तें बाबिलोनी लेखांवरून पूर्वींच ठाऊक होतें. त्यालगत 'एज्जात्तेनि' हा शब्द होता. भाकरीजवळ खाणें यावयाचेंच. शिवाय संस्कृतांतील 'अद्', म्हणजे खाणें, हा धातु त्याशीं जुळला. मग पुढील 'वातर' म्हणजे पाणी! इंग्रजी 'वॉटर' व संस्कृत 'उदक' हीं त्याचींच भावंडें.

आतां मराठीकडे वळूं. कर्नाटकांत श्रवणबेळगोळ येथें गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशीं मराठींतील अतिप्राचीन लेखांपैकीं एक आहे. गंगराजानें 'सुत्ताले' करविलें, असें तो सांगतो. 'करवियले' हें क्रियापद आपणांस सहज समजतें. पण 'सुत्ताले' हा शब्द आजच्या मराठींत नाहीं. सुदैवानें मूर्तीच्या दुसऱ्या बाजूस हीच हकीकत कानडींत कोरली आहे, आणि तेथें शब्द आहे 'सुत्तालय'. कानडींत 'सुत्तु' म्हणजे वेढणें. आलय म्हणजे घर. मूर्तीभोंवतींचें ओवऱ्यांचें आवार आजही उभें आहे. होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापति गंगराज यानें तें बाराव्या शतकांत बांधविलें. शेजारची भाषा आणि प्रत्यक्ष वस्तु, दोन्ही साक्षी एकच अर्थ सांगतात.

माधवनगर, सांगली, मिरज या आपल्या टापूंत बाजारांत कानडी वारंवार कानीं पडते. कांहीं मुलें तिची नक्कल करून हंसतात. त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, या भाषेवांचून आपल्याच मराठीचें एक जुनें वाक्य अर्धें मुकें राहिलें असतें. घरांत आपण ज्यांना 'अण्णा' व 'अक्का' म्हणतों, त्यांना कानडी शेजारीही तेंच म्हणतो. पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मुलांस शेजाऱ्याकडून दहा-वीस कानडी शब्द आदरानें शिकूं द्यावे. पुढें जुना लेख वाचतांना त्यांतील एखादा शब्द कामीं येईल.