निऑन रेनबो घरी आणण्याआधी

निऑन रेनबोची जोडी घेतली तेव्हा दुकानदार ठामपणे म्हणाला, "लहान मासा आहे, दीड फुटाच्या टाकीत मजेत राहील. वर झाकण नसलं तरी चालतं." घरी आल्यापासून नर मादीला क्षणभर चैन पडू देईना. ती दिवसभर फिल्टरच्या मागे दडून राहायची. तिच्या शेपटीच्या कडा फाटल्या आणि एका सकाळी ती टाकीखाली फरशीवर मरून पडलेली सापडली. पाणी तपासलं तर त्यात काही दोष नव्हता. माशाची लांबी पाहून सल्ला दिला गेला होता, सवयी कुणी पाहिल्याच नव्हत्या. तुमच्याकडे असं होऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

हा मासा न्यू गिनी बेटाच्या इंडोनेशियाकडच्या भागातला, मांबेरामो नदीच्या खोऱ्यातला. १९२२ मध्ये वेबर आणि द ब्यूफोर या शास्त्रज्ञांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. जंगलातल्या स्वच्छ, वाहत्या ओढ्यांत तो घोळक्याने राहतो. पाण्यावर पडणारे किडे, बारीक जीव आणि शेवाळ हे त्याचं खाणं.

पहाटेचा उजेड आला की त्याचा खरा दिवस सुरू होतो. दोन नर शेजारी-शेजारी येतात, पाठीवरचे दोन्ही पर आणि पोटाखालचा लाल पर ताणून धरतात, आणि निळं अंग एकमेकांना दाखवत गोल फिरतात. इजा सहसा होत नाही. पण टाकीत दुसरा नर नसला, की हा सगळा जोर एकट्या मादीवर निघतो. घाबरलेली मादी मग वर उडी घेते.

म्हणून किमान सहा-आठ मासे घ्या आणि एका नरामागे दोन माद्या ठेवा. नराच्या परांच्या कडा लालभडक असतात, मादीच्या पिवळसर किंवा नारिंगी. पूर्ण वाढलेला मासा पाच-सहा सेंटीमीटरचाच भरतो, तरी पोहायला लांबी हवी. टाकी तीन फुटांची घ्या. पाइप आणि वायरसाठी ठेवलेल्या फटींसकट ती नीट झाका. मागे आणि बाजूंना दाट वनस्पती लावा, मधली जागा मोकळी सोडा. बदलायच्या पाण्यात अँटिक्लोरीन घालायला विसरू नका.

तोंड मोठं दिसलं तरी घसा अरुंद असतो, तेव्हा खाणं बारीक करूनच द्या. दुकानात पिल्लं रुपेरी, फिकी दिसतात. रंग वयात आल्यावर भरतो, त्यामुळे रंगापेक्षा चपळपणा पाहून मासे निवडा.

एका टाकीत रेनबोच्या दोन जाती ठेवून पिल्लं काढू नका. त्यांचा सहज संकर होतो आणि पुढे मूळ जात हाती राहत नाही. एकाच जातीची अंडी हवी असतील तर जावा मॉसचा झुबका ठेवा. मादी रोज थोडी-थोडी अंडी देते, ती बारीक तंतूंनी मॉसला चिकटतात आणि आठवडा-दहा दिवसांत फुटतात.

मासे सांभाळणं जमेनासं झालं तर ते दुसऱ्या हौशी माणसाला द्या. आपल्या तलावात, विहिरीत किंवा नदीत परका मासा सोडू नका. आणि तीन फुटांची टाकी व घोळका आज परवडत नसेल, तर नुसती जोडी आणू नका. थोडं थांबा.