शेलमधील तेल : अंदाज कसा काढतात?

व्यापारी बंधूंनो, गोदामातला सगळाच माल विकला जात नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तेलाच्या धंद्यातही हाच हिशेब आहे. आज आपण शेल या खडकातील तेलाची पारख कशी करतात ते पाहू.

शेल म्हणजे बारीक चिखलाचे थर दबून झालेला खडक. त्यात अडकलेल्या प्राचीन जीवांच्या अवशेषांचे भूगर्भातील उष्णतेने तेल व वायू बनतात. पारख करताना तीन गोष्टी पाहतात.

पहिली, सेंद्रिय कार्बन किती? खडकाच्या वजनात तो २ टक्के किंवा अधिक असला, तर खडक चांगला समजतात.

दुसरी, खडक पिकला आहे का? नमुन्याची भुकटी करून ती हवा लागू न देता तापवतात. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निघते ते तयार तेल. त्यापुढे तापवल्यावर निघते, ते अजून बनायचे बाकी होते.

तिसरी, खडक फुटेल का? घाणीतून निघेल तेवढेच तेल तेल्याचे. शेल ठिसूळ असला तरच पाणी व वाळूच्या दाबाने त्याला भेगा पडतात आणि तेल वाहते.

यानंतर गुणाकार येतो, आणि फसगत इथेच होते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या माँटेरे शेलचे उदाहरण घेऊ. २०११ साली सरकारी ऊर्जा माहिती खात्याने प्रसिद्ध केलेला हिशेब असा होता : क्षेत्र सुमारे १,७५० चौरस मैल, दर मैलात १६ विहिरी, दर विहिरीतून साडेपाच लाख बॅरल. एकूण १,५४० कोटी बॅरल! या आकड्याच्या भरवशावर २०१३ मध्ये लाखो नोकऱ्यांचे भाकीत झाले.

पण तो खडक भूगर्भाच्या हालचालींनी वाकलेला व तुटलेला. दुसरीकडच्या सपाट थरांचा अनुभव तिथे लागू पडेना. २०१४ साली त्याच खात्याने आकडा ६० कोटींवर आणला. शंभरातले शहाण्णव गेले. खडक तोच होता, चुकला तो अंदाज.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : तेलाच्या साठ्याचा मोठा आकडा दाखवून कोणी भांडवल मागितले, तर आधी विचारा, प्रत्यक्ष विहिरी किती खोदल्या आणि दर विहिरीने किती तेल दिले? उत्तर मिळेपर्यंत गाठीचा पैसा गाठीला राहू द्या.