मेंढ्यांची वाट आणि माळाचे गवत

दिवाळी आटोपली, की माण, खटाव, आटपाडीकडचे धनगरांचे वाडे हलू लागतात. घोड्यावर संसार, त्यावरच बांधलेली कोकरे, मागे कुत्री. वाडा म्हणजे येथे घर नव्हे. एकत्र फिरणारी कुटुंबे व त्यांच्या मेंढ्या. काही वाडे घाट उतरून थेट कोकणात जातात. आपणा शिकलेल्यांना ही नुसती पोटासाठीची वणवण वाटते. ती वणवण आहेच. पण माळरान राखण्याचा एक हिशेबही तीत आहे.

हा मुलूख पर्जन्यछायेचा. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस, तोही बेभरवशाचा. माती वीतभर, खाली मुरूम. अशा जागी पिकापेक्षा गवत बरे तगते. दख्खनच्या माळावरची उत्तम गवते म्हणजे पवन्या आणि मारवेल. उन्हाळ्यात ती वरून वाळतात, मात्र मुळांशी अन्न साठवून ठेवतात आणि पहिल्या पावसाचा कोंब त्या शिलकीवरच फुटतो. मेंढी जमिनीलगत खाते. कोवळा फुटवा पुन्हा पुन्हा खुडला गेला, तर शिल्लक भरून निघत नाही व ठोंब मरतो. मग कुसळ माजते. त्याचे टोकदार बी लोकरीत शिरून कातडीत रुतते. जादा चराईचा दंड असा मेंढीच्याच अंगावर बसतो!

तेव्हा मेंढ्या किती, एवढाच प्रश्न नाही. त्या एका जागी किती दिवस, हाही आहे. सुगीनंतरचे महिने कळप परमुलखातल्या मोकळ्या शेतांवर जगतो. शेतकरी रात्री वाघर लावून मेंढ्या शेतात बसवून घेतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य वा रोख देतो. पावसाळ्यात मात्र परतावेच लागते, कारण ओल्या चिखलात मेंढीचे खूर सडतात. नाजूक काळ हाच. जूनच्या पहिल्या फुटव्यावर सारा कळप सोडण्याऐवजी माळाचा एक तुकडा दरसाल आळीपाळीने बी धरेपर्यंत बंद ठेवला, तरी गवत सावरते.

अडचण अशी, की बाहेरची वाटच आखडत चालली आहे. कालवा आला, ऊस आला. शेत वर्षभर रिकामे होत नाही. इकडे माळाला कागदोपत्री 'पडीक' म्हणायचे आणि तेथे झाडांसाठी खड्डे खणायचे, हीही आपली जुनी खोड. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. त्या पक्ष्याला उघडे गवतच लागते, हे तरी ध्यानी यायला हवे होते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही जात तयार केली. तितकीच कोकरे कमी मेंढ्यांकडून मिळाली, तर माळावरचा भार हलका होईल, हा विचार मोलाचा आहे. पण जुळ्यांच्या आईला चारा अधिक लागतो, आणि रोज मुक्काम हलवणाऱ्या वाड्यात दुसरे कोकरू जगवणे सोपे नाही.

निम्म्या मेंढ्या विकून का टाकत नाही, असे मी एका वृद्ध मेंढपाळाला विचारले होते. १९७२ च्या दुष्काळात त्याचा निम्मा कळप गेला होता. आधीच निम्म्या विकल्या असत्या, तर त्या साली मागे काय राहिले असते, असे त्याने उलट मलाच विचारले.