शेपूट बघत जा गं

अगं, एव्हरशाईन सिटीत इस्टेट एजंटकडे कामाला लागलीस, भाडेकरार टाइप करतेस, म्हणून मुद्दाम सांगते. इंग्रजी कच्चं आहे असं मनाला लावून घेऊ नकोस. आपण मराठी माध्यमातल्या मुली निम्मे इंग्रजी शब्द कानानेच शिकलो. दोन ‘प्रिन्सिपल’ देवनागरीत एकसारखेच दिसतात, मग गडबड होणारच.

तुझ्या कामात सगळ्यात घातक जोडी लायसेन्सॉर आणि लायसेन्सीची. शेवटी ‘ओ-आर’ म्हणजे देणारा, ‘डबल ई’ म्हणजे घेणारा. फ्लॅटमालक लायसेन्सॉर, भाडेकरू लायसेन्सी. लेसॉर-लेसीचंही तसंच. पण लायसन्सच्या जागी लीज टाकू नकोस हं! पैसे भरून राहणं दोन्हीकडे आहे, पण लीजमध्ये त्या जागेत माणसाचा हक्क तयार होतो, लायसन्समध्ये नुसती वापरायची परवानगी. दोन्हींच्या व्याख्या १८८२ सालच्याच, पण वेगवेगळ्या कायद्यांतल्या. म्हणून तर वसईपासून विरारपर्यंत मालक मंडळी लिव्ह अँड लायसन्सला धरून असतात. मुदत संपूनही लायसेन्सी हलला नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. तू नावं उलटी टाकलीस तर कागदावर ही भरपाई कोणाच्या गळ्यात पडेल, बघ!

मॉर्टगेजपाशी तर भले भले फसतात. पैसे बँक देते, म्हणून ‘ओ-आर’ बँकेला चिकटवतात. पण घर गहाण कोण देतं? कर्ज काढणारा. तो मॉर्टगेजॉर, आणि बँक मॉर्टगेजी. तिथे पैशाकडे बघायचंच नाही, घर कोणाकडून कोणाकडे चाललंय ते बघायचं.

होमलोनमधला प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल, त्याच्या शेवटी ए-एल. शाळेचे प्रिन्सिपलही ए-एलवालेच. तत्त्व असेल तर एल-ई. स्टेशनरीची मला गंमत वाटते. ‘ई’वाली म्हणजे वह्या-पेनं, ‘ए’वाली म्हणजे जागची न हलणारी, पण दोघी सख्ख्या बहिणी. पूर्वी युरोपात गावोगाव न फिरता एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता तो स्टेशनर, त्याचा माल ती स्टेशनरी.

लायसन्सच्या स्पेलिंगवरून मात्र पार्टीशी वाद घालू नकोस. ब्रिटिश पद्धतीत नामाला ‘सी’, क्रियापदाला ‘एस’. अमेरिकेत दोन्हीकडे ‘एस’च. अर्थ काही बदलत नाही.

स्पेलचेकवर विसंबू नकोस, लायसेन्सॉर काय नि लायसेन्सी काय, त्याला दोन्ही बरोबरच. नोंदणीसाठी अंगठे घेण्याआधी मसुद्यावर बोट ठेवून दोन्ही नावं मोठ्याने वाच. सर घाई करतीलच, बाहेर पार्टी ताटकळत असेल. ‘दोन मिनिटं द्या, सर’ म्हणायचं आणि वाचायचं.