बंद पडलेल्या फोनमधले आजीचे व्हिडिओ

प्रश्न : जुना अँड्रॉइड फोन सुरूच होत नाही. त्यात आजीचे व्हिडिओ आहेत. पुण्याला पाठवून चिप काढून घेता येईल का?
– एक वाचक, स्टुटगार्ट

उत्तर : नुसती चिप काढून बहुधा उपयोग होणार नाही. अँड्रॉइड १० (२०१९) पासूनच्या नव्या फोनमधला डेटा कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली मूळ प्रोसेसरशी बांधलेली असते. म्हणून तोच मदरबोर्ड चालू व्हावा लागतो. आधी मागचे झाकण पाहा. बॅटरी फुगली असेल तर चार्जर लावूच नका, विमानानेही पाठवू नका. खराब लिथियम बॅटरीला हवाई वाहतुकीत बंदी आहे. फुगलेली नसेल तर चांगल्या चार्जरवर तासभर ठेवा. फोन थरथरला किंवा वाजला, तर बिघाड बहुधा फक्त स्क्रीनचा. स्टुटगार्टमध्येच दुरुस्तीला द्या आणि ‘रीसेट करू नका’ असे बजावून सांगा. दरम्यान गूगल फोटोज तपासा, आणि हे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर ज्या नातेवाइकांना पाठवले होते त्यांना आजच विचारा.