रोटेटर घेण्याआधी वारा मोजा

रोटेटर विकत घेताना बहुतेक हॅम मंडळी एकच विचारतात, "किती किलोची अँटेना फिरवतो?" फिरवायला फारसे बळ लागतच नाही. बळ लागते ते वाऱ्यात अँटेना जागच्या जागी धरून ठेवायला. पुण्यातल्या आमच्या गच्चीवर वळवाच्या एका संध्याकाळी हे नीट कळले.

तीन एलिमेंटची यागी, मास्ट आणि रोटेटर असा जोडूनच संच मिळाला होता. विक्रेत्याच्या कागदावर भारक्षमता ठळक छापलेली, अँटेनेच्या वजनाच्या तिप्पट. ब्रेकबद्दल अवाक्षर नव्हते, कारण वेगळा ब्रेक नव्हताच. सगळी भिस्त गिअरच्या दात्यांवर. मे महिन्यात वादळी वारा सुटला, दाते तुटले आणि मोकळी झालेली बीम गरगर फिरत राहिली. कोॲक्स मास्टभोवती गुंडाळत गेली आणि शेवटी अँटेनेच्या तोंडाशी तुटली. रोटेटर टॉवरच्या माथ्यावर बसवलेला. तो काढायचा तर आधी अख्खी अँटेना खाली घ्यायला हवी. तेवढ्यात पाऊस लागला. ओल्या टॉवरवर कोणाला चढवायचे नाही, म्हणून दुरुस्ती दिवाळीवर गेली.

आता हिशेब पाहा. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग पुणे आणि नाशिकसाठी सेकंदाला 39 मीटर, तर मुंबई आणि नागपूरसाठी 44 मीटर धरला आहे. वेगाच्या वर्गाला 0.6 ने गुणले की दाब न्यूटनमध्ये मिळतो. किलोच्या भारात मांडला, तर पुण्यात तो चौरस मीटरला सुमारे 93 किलो येतो, मुंबईत 118. उंची आणि परिसराप्रमाणे हा आकडा बदलतो, पण अंदाजाला पुरे. बीमचे वाऱ्याला अडणारे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरले, तरी 15 किलोच्या अँटेनेवर 45 किलोंहून जास्त रेटा बसतो. म्हणून अँटेनेच्या माहितीपत्रकात वजनाआधी हे क्षेत्रफळ बघा. त्यावरून रोटेटर ठरवा, आणि ब्रेक किती जोर धरून ठेवतो हा आकडा मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

एकाच रोटेटरचे क्षमतेचे आकडेही दोन असतात. हाय-गेनच्या हॅम-फोरचेच घ्या: टॉवरच्या आत बसवला तर 15 चौरस फूट, आणि बाहेर मास्टवर बसवला तर साडेसात. कारण सरळ आहे. रोटेटर टॉवरच्या आत आणि माथ्यावर थ्रस्ट बेअरिंग असेल, तर आडवा रेटा बेअरिंग झेलते आणि रोटेटरला फक्त पीळ सोसावा लागतो. दोघांत मीटरभर तरी अंतर ठेवा. मास्टचा भार बेअरिंगवर टाकून अँटेना वरच ठेवून रोटेटर काढता येतो, हा आणखी मोठा फायदा.

मास्टच्या पाइपात अनेकांची गफलत होते. आपल्या दुकानातला 'दोन इंची' जीआय पाइप बाहेरून 60 मिलिमीटर भरतो, कारण तो आतल्या मापाने ओळखला जातो. परदेशी रोटेटरच्या क्लॅम्पवर लिहिलेले दोन इंच मात्र बाहेरचे, म्हणजे जेमतेम 51 मिलिमीटर. असा क्लॅम्प असेल, तर 48 मिलिमीटरचा 'दीड इंची' पाइपच बसेल. तोही लाल पट्ट्याचा, सी क्लासचा घ्या. पिवळ्या पट्ट्याचा पातळ पाइप वाऱ्यात वाकतो.

फिरण्याची हद्द कुठे संपते, हेही विचारा. मुंबई-पुण्याकडून टोकियो साधारण 59 अंशांवर, लंडन 319 वर, न्यूयॉर्क 333 वर, तर कॅलिफोर्निया उत्तरेपलीकडे 14 वर. रोटेटरचा थांबा उत्तरेला असला, तर न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाकडे वळायला 41 अंशांऐवजी 319 अंश फिरावे लागते. तेवढ्यात बँड बंद होतो. थांबा दक्षिणेला येईल असा रोटेटर घ्या, किंवा 450 अंश फिरणारा. डायलवर पाच अंशांची चूक मात्र मनावर घेऊ नका. तीन एलिमेंटच्या बीमचा झोत साठेक अंश रुंद असतो. बीम पूर्ण फिरूनही ताण येणार नाही इतका कोॲक्सचा सैल वळसा मास्टपाशी सोडा.

केबल लांब असेल, तर मोटर आणि ब्रेकच्या तारा जाड घ्या, नाहीतर वर व्होल्टेज पोचत नाही. अमेरिकेहून आणलेला कंट्रोल बॉक्स 110 व्होल्टचा आहे का, हे प्लग लावण्याआधी बघा. टॉवरचे अर्थिंग पावसाळ्याआधी तपासून घ्या.

खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी अँटेना, मग तिच्या क्षेत्रफळाला पेलणारा टॉवर आणि मास्ट, आणि शेवटी रोटेटर. पैसे कमी पडत असतील, तर अँटेना लहान घ्या. रोटेटर मात्र गरजेपेक्षा एक माप मोठाच घ्या.