मेणपट्टी आणि चौकटींमधील अंतर

मधमाश्यांस पोळें बांधण्यास कोणी शिकवीत नाहीं. मग त्यांच्या पेटींत माणसानें मेणाच्या पट्ट्या कां लावाव्यात, असा प्रश्न आमच्या वर्गांत अनेकदां निघतो. प्रश्न रास्त आहे. माशी पोळें उत्तमच बांधते. परंतु तें ती स्वतःच्या सोयीनें बांधते, आपल्या नव्हे. मार्गदर्शन नसलेल्या पेटींत माश्या पुष्कळदां दोन-तीन चौकटींना जोडून तिरपें पोळें उभारतात. मग एक चौकट उचलावयास जावें तों शेजारचें पोळें फाटतें, अंडीं व अळ्या चिरडतात आणि मध ओघळून मुंग्यांना आमंत्रण जातें. आपल्या सह्याद्रीकडील सातेरी माशी असा त्रास फारसा सोसणारी नव्हे. दोनचारदां छळ झाला कीं सबंध वसाहत पेटी टाकून निघून जाते, आणि वडिलांनीं हौसेनें आणून दिलेली पेटी ओस पडते.

ही अडचण दूर करण्याचें श्रेय अमेरिकेंतील पाद्री लोरेंझो लँगस्ट्रॉथ यांस आहे. १८५१ सालीं फिलाडेल्फिया येथें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, चौकट आणि पेटीची भिंत यांमध्यें सुमारें तीन अष्टमांश इंच जागा सोडली असतां माश्या ती येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळीच ठेवतात. जागा याहून बरीच अधिक असेल तर तींत पोळें बांधतात. पाव इंचाहून कमी असेल तर युरोपीय माशी ती झाडांच्या चिकानें बुजवून टाकते. (सातेरी माशी हा चीक बहुधा वापरीत नाहीं, ही आपली सोयच म्हणावयाची.) पुढें १८५७ सालीं जर्मनींत योहानेस मेहरिंग यांनीं षट्कोनी घरांचे ठसे उमटविलेला मेणाचा पत्रा तयार केला. आपल्या देशांत फादर न्यूटन यांनीं १९११ ते १९१७ च्या सुमारास दक्षिणेंत अनेकांना मधुमक्षिकापालन शिकविलें; येथील लहान माशीस जुळणारी त्यांची लहान पेटी त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

आतां अंतराविषयीं. चौकटींमधील अंतर म्हणजे नुसती फट नव्हे. एका पोळ्याच्या मध्यापासून शेजारच्या पोळ्याच्या मध्यापर्यंतचें तें माप होय. अळ्यांच्या पोळ्याची जाडी आणि दोन्ही पोळ्यांवर पाठीला पाठ लावून काम करणाऱ्या माश्यांपुरती वाट, यांच्या बेरजेनें तें ठरतें. सातेरीसाठीं चौकटीची वरची पट्टी सात अष्टमांश इंच रुंद असावी आणि मध्यें तीन अष्टमांश इंच वाट सोडावी. बेरीज सव्वा इंच येते. युरोपीय माशीस एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच लागतात. फरक अवघा अष्टमांश इंचाचा! परंतु युरोपीय मापानें आठ चौकटी टांगून त्यांत सातेरी सोडली, आणि ती आपल्याच मापानें चालली, तर आठव्या चौकटीपर्यंत हा फरक सात अष्टमांश इंचांवर जातो, म्हणजे सबंध पट्टीच्या रुंदीएवढा होतो. पोळें मग चौकटीवर न राहतां दोन चौकटींच्या मधल्या फटीवर येतें. विद्यार्थ्यांनीं हें गणित कागदावर आंखून पाहावें.

मेणपट्टी हा या चुकीवरचा सोपा उपाय आहे. मेणाच्या पत्र्याची अर्धा ते एक इंच रुंद पट्टी कापून वरच्या पट्टीच्या खालच्या बाजूस, बरोबर मध्यावर, खांच करून बसवावी आणि वितळलेल्या मेणाचे थेंब सोडून पक्की करावी. मेण थेट विस्तवावर कधींही वितळवूं नये, तें पेट घेतें. भांडें उकळत्या पाण्यांत ठेवावें. पत्रा सातेरीच्या घरांच्या मापाचाच घ्यावा. युरोपीय माशीसाठीं केलेल्या पत्र्यावरील घरें सातेरीच्या कामकऱ्यांस मोठीं पडतात. पत्रा मुळींच न मिळाल्यास लांकडी कंगोरा ठेवून त्यावर मेण घासलें तरी काम भागतें.

संपूर्ण पत्रा लावावा कीं नुसती पट्टी? पट्टीनें खर्च वांचतो, पण खालचा भाग माश्या आपल्या मर्जीनें बांधतात, म्हणून त्यांत नरांचीं मोठीं घरें अधिक निघतात. शिवाय मेण कांहीं फुकट होत नाहीं. तरुण कामकरी माशीच्या पोटाखालील चार जोड्या ग्रंथींतून तें पाझरतें आणि त्यासाठीं तिला मेणाच्या कित्येक पट मध खावा लागतो. तरी फुलोरा भरपूर असेल तर नवशिक्यास पट्टीच बरी, असें आम्हांस वाटतें. माश्यांचें बांधकाम तिच्यामुळें डोळ्यांनीं पाहावयास मिळतें.

माश्या एकमेकींस धरून साखळीप्रमाणें लोंबकळतात आणि पोळें ओळंब्यासारखें सरळ खालीं उतरवितात. म्हणून पेटी पाणसळीनें समपातळीत बसविली पाहिजे. ती एका बाजूस कलली तर पट्टी सरळ असूनही पोळें शेजारच्या चौकटीकडे जातें. पेटींत दोन सरळ पोळीं तयार असतील तर नवी चौकट त्यांच्या मध्यें द्यावी. वसाहत दुबळी असेल किंवा थंडी असेल तर मात्र अळ्यांच्या मध्यें नवी चौकट घालूं नये. तीन-चार दिवसांनीं पाहावें. पोळें किंचित् वळलेलें दिसल्यास तें कोंवळें असतांच बोटानें हलकेंच सरळ करतां येतें. तपासतांना नव्या पोळ्याची चौकट नेहमीं उभीच धरावी. आडवी केली कीं मऊ मेण स्वतःच्या भारानें तुटून अळ्यांसकट खालीं पडतें.